माझं एकतिसावं पान

कुणीतरी कंटाळा केला, दुसरं काही नाही. एका दुपारी, पंख्याखाली बसून, कुणीतरी चार पानं पुन्हा एकदा वाचायचा कंटाळा केला आणि त्या कंटाळ्याचे फोड एका बाईच्या हातावर उठले. तो कोण हे मला माहीत नाही. माझ्या एकाही पानावर त्याचं नाव छापलेलं नाही. चुका करणाऱ्यांची ही मोठी सोय असते. त्यांची चूक छापली जाते, नाव नाही. जिथे कुठे असेल तिथे त्याने हे ऐकावं.

मी एक माहितीपुस्तिका बोलतेय. यंत्राबरोबर खोक्यातून येते ना, तीच. तुम्ही खोकं फोडता, यंत्र बाहेर काढता, भोवतीचा थर्माकोल फेकता आणि मला कपाटावर ठेवून देता. मग यंत्र बिघडलं की आधी त्याला दोन थपडा मारता, शेजाऱ्याला विचारता, आणि सगळे उपाय थकले की स्टूल घेऊन माझी धूळ झटकता. असो. तक्रार करायला बसले तर माझी अठ्ठेचाळीस पानं पुरायची नाहीत.

माझं यंत्र मात्र साधंसुधं नव्हे. हॉस्पिटलमधल्या वस्तू वाफेवर निर्जंतुक करणारं मोठं यंत्र आहे ते, घरातल्या कुकरचा थोरला भाऊच म्हणा. उंची कपाटाएवढी, दार तिजोरीसारखं जाड, वर दाबाचा काटा. त्यात चार प्रकारची कामं होतात. शस्त्रक्रियेची अवजारं, कापडाचे गठ्ठे, रबरी नळ्या आणि द्रावणाच्या बाटल्या.

प्रत्येक कामाच्या बावीस पायऱ्या. त्यातल्या एकोणीस अगदी सारख्या. हात धुवा, एप्रन घाला, पाणी तपासा, दार लावा, दाब बघा. चार सख्ख्या बहिणींना एकाच ताग्यातून फ्रॉक शिवावेत तशी माझी चार प्रकरणं. पाठमोऱ्या उभ्या राहिल्या तर आईनेही चुकीच्या नावाने हाक मारावी.

माझ्या आधी माझी एक आवृत्ती होती. ती एका म्हाताऱ्या इंजिनियरने लिहिली. त्या माणसाला मी मनातून नमस्कार करते. तो यंत्राशेजारी उभा राहून लिहायचा, एकेक पायरी स्वतः करून बघायचा, चटका बसला की हात झटकून तेही लिहून ठेवायचा. बाटल्यांचं प्रकरण लिहिताना त्याने सतरावी पायरी वेगळी लिहिली होती. बाकीच्या तीन कामांत शेवटी चाक फिरवून वाफ झटकन सोडायची. बाटल्यांत तसं चालत नाही. बाटलीतलं द्रावण आत धगधगत असतं. बाहेरचा दाब एकदम गेला की ते उसळतं आणि बाटली फुटते. म्हणून त्याने लिहिलं होतं, 'चाकाला हात लावू नका. काटा आपोआप शून्यावर येऊ द्या. त्यानंतर वीस मिनिटं थांबा.'

एवढी मोलाची तीन वाक्यं, पण ती एकसारख्या बावीस ओळींच्या गर्दीत बसली होती, इतरांसारखाच फ्रॉक घालून. तिथे त्या भल्या माणसाचा हात थोडा कमी पडला. वेगळेपण वेगळं दिसायला हवं, हे त्याला सुचलं नाही.

मग यंत्र बदललं. चाकाच्या जागी ओढायचा दांडा आला. इंजिनियर निवृत्त झाला होता. 'चाक फिरवा' असं जिथे जिथे असेल तिथे 'दांडा खाली ओढा' असं करायचं होतं. त्या कुणीतरीने अवजारांच्या प्रकरणात सतरावी पायरी दुरुस्त केली. छान दुरुस्त केली. मग तीच पायरी उचलली आणि उरलेल्या तिन्ही प्रकरणांत सतराव्या जागी चिकटवली. सगळ्या सारख्याच तर आहेत, वाचायचं काय त्यात!

अशी मी जन्मले. दिसायला देखणी, निळ्या पुठ्ठ्याची, लोखंडी रिंगांची, आणि एकतिसाव्या पानावर विस्तव घेऊन.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या खोलीत मला आणलं तेव्हा मी मनाची तयारी केली होती. तिथे आधीच दोन पुस्तिका होत्या. फ्रीजच्या पुस्तिकेचं प्लॅस्टिकसुद्धा कुणी फाडलं नव्हतं. वजनकाट्याची पुस्तिका टेबलाच्या लंगड्या पायाखाली होती. माझंही असंच काहीतरी होणार, असं मी धरून चालले होते.

पण त्या खोलीत मावशी होत्या.

मावशींनी सोळा वर्षं जुन्या यंत्रावर काढली होती. नवं यंत्र आलं त्या दिवशी सगळे त्याच्या चकचकीत दाराभोवती जमले, आणि मावशींनी मला उचललं. दोरा बांधलेला चष्मा नाकावर चढवला. ओळीखाली बोट धरलं आणि ओठ हलवत पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. अनुक्रमणिकासुद्धा वाचली! अनुक्रमणिका वाचणारं माणूस मी तोवर ऐकलंही नव्हतं. चार दिवसांनी त्यांनी एक पारदर्शक पिशवी कापून माझ्या पुठ्ठ्याला कव्हर घातलं.

खोलीच्या इन्चार्ज सिस्टर हसल्या. "मावशी, परीक्षेला बसताय का?"

"परीक्षाच की हो. हे यंत्र नापास करणार नाही, भाजून काढेल."

पुस्तिकेच्या जन्माला येऊन याहून काय मिळवायचं असतं? माझ्या वाक्यावर एक माणूस विश्वास ठेवत होतं. त्या विश्वासाला मी लायक नव्हते, हे मला कळत होतं आणि मला तोंड नव्हतं.

तीन महिने अवजारं, कापड, नळ्या. बाटल्यांचं काम पहिल्यांदा निघालं ते एका मंगळवारी सकाळी. मावशींनी माझं एकतिसावं पान काढलं. बोट सोळाव्या पायरीपर्यंत नीट आलं आणि सतरावीवर थांबलं. परत मागे गेलं. परत थांबलं.

"सिस्टर, जुन्या यंत्रात बाटल्यांना आपण हात लावत नव्हतो. आपसूक निवायच्या. यात लिहिलंय, दांडा ओढा."

सिस्टरांच्या कानाला फोन होता. वरून बाटल्या मागत होते. "नवीन यंत्र आहे, मावशी. पुस्तकात लिहिलंय ना? मग तसंच करा."

मावशींनी तसंच केलं. वाफ फुत्कारून गेली, काटा धाडकन शून्यावर आला. 'काटा शून्यावर आला की दार उघडा.' हेही माझंच वाक्य. दार उघडलं, आणि पहिल्याच रांगेतली बाटली फुटली. उकळतं द्रावण त्यांच्या डाव्या हातावर आलं, कोपरापासून मनगटापर्यंत. त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. आधी उजव्या हाताने दार ढकलून लावलं, मागे कुणी उभं असेल म्हणून. मग खाली बसल्या.

मी टेबलावर उघडीच होते. एकतिसावं पान वर.

पुढे चौकशी झाली. प्रशासक साहेब खोलीत आले. कडक इस्त्रीचा, कामसू माणूस, वाईट नव्हे. त्यांनी मला उचललं आणि सुरुवातीपासून चाळलं. तिसऱ्या पानावर माझ्या सर्वसाधारण सूचना आहेत. तिथे आठव्या ओळीत लिहिलंय, 'द्रव पदार्थ असतील तर वाफ अचानक सोडू नये.' म्हाताऱ्या इंजिनियरची ती ओळ कुणाच्या तावडीत सापडली नव्हती.

"हे बघा. स्पष्ट लिहिलंय," साहेब म्हणाले. "वाचलं नाही तुम्ही."

"साहेब, मी एकतिसाव्या पानावर होते."

"तिसरं पान एकतिसाव्याच्या आधी येतं, मावशी."

बिनतोड बोलणं. पुढची अठ्ठावीस पानं उलटायची गरज त्यांना वाटली नाही. माझंच एक पान माझ्या दुसऱ्या पानाविरुद्ध साक्ष देत होतं आणि शिक्षा वाचणाऱ्या बाईला होत होती! सिस्टर भिंतीकडे बघत उभ्या होत्या.

ठरलं असं. कंपनीला कळवायचं. पुस्तिका बरोबर आहे असं उत्तर आलं की 'निष्काळजीपणा' असा शेरा मावशींच्या फाईलला लागणार आणि त्या कायमच्या व्हरांड्यातल्या फरशीवर जाणार. तोवर यंत्राला हात लावायचा नाही. सोळा वर्षं शस्त्रक्रियेची अवजारं ज्यांच्या हातून गेली, त्या बाई पट्टी बांधलेल्या हाताने आमच्याच खोलीबाहेर बादली सरकवताना मला ऐकू यायच्या. दारापाशी आल्या की बादली क्षणभर थांबायची. मग पुढे जायची.

आठवड्याने कंपनीने एक मुलगी पाठवली. माहितीपुस्तिका लिहायच्या विभागात ती नुकतीच लागली होती. पाठीवर बॅग, केसांत खोचलेलं पेन, आणि ते पेन शोधण्यात तिची पहिली पाच मिनिटं गेली. सिस्टरांनी पान तीन दाखवलं. मुलीने मान डोलावली, आभार मानले. काम संपलं होतं. तिने जायला हरकत नव्हती.

ती म्हणाली, "त्या मावशी कुठे आहेत?"

मावशी आल्या. मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही त्या दिवशी जसं केलंत तसं मला करून दाखवाल? यंत्र बंदच राहू दे. नुसतं पुस्तक वाचा आणि दाखवा."

"मला हात लावायची परवानगी नाही, मॅडम."

"मग मी हात लावते. तुम्ही वाचा."

मावशींनी दोरा बांधलेला चष्मा चढवला. एकतिसावं पान. एक, दोन, तीन. मुलगी प्रत्येक पायरीला लटकाच हात हलवत होती. सतराव्या पायरीला मावशी वाचून थांबल्या आणि मुलीचा हात दांड्यावरच राहिला.

"परत वाचा."

"'दांडा पूर्ण खाली ओढून वाफ सोडा.'"

मुलीने मला ओढून घेतलं. माझ्या रिंगा उघडल्या आणि चारही प्रकरणांची सतरावी पायरी असलेली चार पानं काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडली. जन्मल्यापासून पहिल्यांदाच त्या चार बहिणी एकमेकींसमोर आल्या. चौघींच्या तोंडी तेच वाक्य. शब्द न् शब्द.

मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही वाचलंत. आम्हीच नाही वाचलं."

तेव्हा सिस्टरांनी हातातला ट्रे खाली ठेवला. "मावशींनी मला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं, पुस्तकात आहे तसं करा. हेही लिहा तुमच्या अहवालात." मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण पायाने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

मुलीने तिथूनच फोन लावला. हात पानांत गुंतलेले, म्हणून फोन टेबलावर, आवाज मोठा. पलीकडे तिचे साहेब होते.

"दाखवलंस पान तीन? निघालीस?"

"सर, पान एकतीस चुकलंय."

सगळं ऐकल्यावर साहेब म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. आत्ता बोभाटा नको."

"सर, ही पुस्तिका त्रेचाळीस ठिकाणी गेलीय. पुढच्या आवृत्तीपर्यंत त्रेचाळीस खोल्यांत बाटल्या असणार आहेत. मला आज पत्र पाठवायचंय. सगळीकडे. चूक आमची, असं स्वच्छ लिहून."

"नोकरीला किती महिने झाले तुला?"

"चार."

"पत्राखाली माझी सही घाल. तुझी नको." आणि लगेच, "मसुदा आधी मला दाखव. तू 'कृपया' फार घालतेस."

या फोनची आठवण झाली की माझा पुठ्ठा आजही ताठ होतो. माणसं चूक लपवायला किती शहाणी असतात ते मी पाहिलंय. पण चूक मान्य करायची वेळ आली की एखादा कुरकुर्‍या साहेब असा अचानक उंच होतो.

पत्र आलं त्या दिवशी प्रशासक साहेब खाली आले. व्हरांड्यात मावशींना म्हणाले, "उद्यापासून यंत्रावर या."

"येते. आणि फाईलमधला चौकशीचा कागद?"

"काढतो."

"माझ्यासमोर काढा, साहेब."

साहेब क्षणभर ताठले. मग म्हणाले, "चला." मावशींनी बादली भिंतीला लावली आणि त्यांच्या मागून जिना चढल्या.

इथे गोष्ट संपली असती, पण ती मुलगी संपू देणारी नव्हती. तीन आठवड्यांनी ती नव्या पुस्तिकेचा कच्चा मसुदा घेऊन आली. मोठी खुशीत होती. सारख्या एकोणीस पायऱ्या तिने सुरुवातीला एकदाच लिहिल्या होत्या. पुढे प्रत्येक प्रकरणात नुसतं 'पायरी एक ते सोळासाठी पान सहा पाहा', 'पायरी अठरासाठी पान आठ पाहा'. बावीस पानांचं काम सात पानांत!

मावशींनी दोन्ही हातांत जाड मोजे चढवले आणि म्हणाल्या, "चल, करून बघू." पान बारा, मग पान सहा, परत बारा, मग आठ. मोज्यातून पान सुटेना. यंत्र गरम होऊन शिट्टी मारायला लागलं आणि मावशी अजून पानंच उलटत होत्या.

"पोरी, भाजीत मीठ घालायला दर वेळी शेजारणीकडे जायचं का?"

मुलीचा चेहरा पडला. "पण एकच गोष्ट चारदा लिहिली की काय होतं ते आपण पाहिलं ना, मावशी!"

"लिहिल्याने झालं नाही ते. न बघता लिहिल्याने झालं. मुलाला रस्ता ओलांडताना रोज सांगतोच ना, बघून जा? काल सांगितलंय म्हणून आज गप्प बसतो?" मग मला पुढे ओढून माझ्या पहिल्या काही ओळींवर बोट आपटलं. "हे बघ. हात धुवा, एप्रन घाला, पाणी बघा. हे मात्र चारदा कशाला? यंत्र थंड असतं, माणूस निवांत असतो. भिंतीवर एकदा लाव. तेच तेच वाचून डोळा घसरतो, आणि घसरला की पुढचं महत्त्वाचंही निसटतं."

केसांतलं पेन बाहेर आलं. ती दुपारभर लिहीत होती. मधे मावशी, मधे सिस्टर, खाडाखोड, वाद, एकदा तर दोघींचा चहा गार झाला. मी बघत होते. लिहिणारी आणि वाचणारी एका टेबलाला बसल्या होत्या. माझ्या वेळी एवढं झालं असतं तर!

नवी पुस्तिका अशी झाली. यंत्र थंड असतानाची तयारी एकदाच, भिंतीवरच्या मोठ्या तक्त्यावर. यंत्र तापल्यानंतरच्या पायऱ्या प्रत्येक प्रकरणात पूर्ण, शब्दन् शब्द. पान उलटायचं काम नाही. आणि प्रत्येक प्रकरणाच्या अगदी डोक्यावर, चौकटीत, 'या कामात वेगळं काय'. बाटल्यांच्या चौकटीत पहिलीच ओळ, 'दांड्याला हात लावू नका.' मुलीने तिच्या कार्यालयातही एक व्यवस्था लावली. चारही ठिकाणी दिसणारं वाक्य आता एकाच घरी राहतं, तिथे बदललं की सगळीकडे बदलतं. जे वाक्य वेगळं आहे त्याचं घर वेगळं; दुसरं वाक्य तिथे परस्पर घुसू शकत नाही.

मला हेवा वाटला नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण अभिमान जास्त वाटला.

आता माझं विचाराल तर, त्या पत्रात शेवटी लिहिलं होतं की जुनी पुस्तिका नष्ट करावी आणि तसं कळवावं. त्रेचाळीसपैकी चाळीस ठिकाणांहून कळवलंय, एकेचाळिसावी आज मी. दोघी अजून कुठल्यातरी कपाटावर आहेत, निळ्या पुठ्ठ्यात, एकतिसाव्या पानासकट. माझ्या जातीच्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, फेकू नका. माझी विनंती उलटी आहे. त्या दोघी दिसल्या तर दया करू नका. फाडा. आणि तुम्ही स्वतः लोकांसाठी काही लिहीत असाल, साधी औषधाची चिठ्ठी किंवा लिफ्टमधली सूचना, तर चिकटवण्याआधी एकदा वाचा. दुसऱ्या टोकाला कुणीतरी ओळीखाली बोट धरून बसलेलं असतं.

आज सकाळी स्टोअरचे काका पोतं आणि फॉर्म घेऊन आले. मावशींनी माझं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं, घडी घातली आणि नव्या पुस्तिकेला चढवलं. मग मला दोन्ही हातांनी काकांकडे दिलं. डाव्या हातावरची कातडी अजून गुलाबी आहे.

काकांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "चांगली धडधाकट आहे की. नष्ट करण्याचं कारण काय टाकू?"

"चुकीची होती, असं टाका."

काकांचं पेन फॉर्मवर थांबलं. त्यांनी मावशींकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी मान हलवली. मग त्यांनी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं आणि फॉर्म लांब धरून वाचून बघितला.

"तीस वर्षं हा फॉर्म भरतोय, मावशी," ते म्हणाले. "फाटलं लिहिलं, भिजलं लिहिलं, उंदरांनी खाल्लं लिहिलं. 'चुकीचं होतं' हे आज पहिल्यांदा लिहितोय."